सूचनाफलक आणि पडदा : १९७३ सालच्या दोन विद्यापीठीय प्रयोगांचा विचार

१. प्रास्ताविक

विद्यापीठांच्या इतिहासात कुलगुरू, अभ्यासक्रम, इमारती आणि अनुदाने ह्यांची नोंद होते. सूचनाफलकाची मात्र होत नाही. वस्तुतः व्याख्यान कोठे आहे, जुना ग्रंथ कोणास विकावयाचा आहे, राहण्यास खोली कोणास हवी आहे आणि कोणत्या ठरावाविरुद्ध कोणाच्या सह्या हव्या आहेत, हे सारे प्रथम तेथेच कळते. फलकाचे काही गुणधर्म इतके परिचित आहेत की त्यांकडे आपले लक्ष जात नाही. फलक उघडा असेल तर कोणीही त्यावर कागद लावू शकतो आणि कोणीही तो फाडू शकतो. फलकास काचेचे दार व कुलूप असेल तर ज्याच्याकडे किल्ली त्याच्याकडेच बोलण्याचा अधिकार राहतो. नव्या कागदाखाली जुना झाकला जातो. आणि फलकावरील मजकुरास कोणास उत्तर द्यावयाचे झाल्यास त्याच कागदाच्या समासात पेन्सिलीने लिहिण्यावाचून गत्यंतर नसते.

हा फलक संगणकावर आणावयाचा म्हटले म्हणजे वरीलपैकी प्रत्येक गोष्टीचा निर्णय कोणाला तरी जाणीवपूर्वक घ्यावा लागतो. कोणी लिहावे, कोणाच्या नावाने लिहावे, कोणते आधी दिसावे, उत्तर कोठे बसावे आणि कोणी पुसावे, ह्या प्रश्नांची उत्तरे भिंत आपोआप देत होती. पडदा ती देत नाही. ज्यास आज सर्वत्र इंटरफेस म्हणतात, ती वापरणारा आणि यंत्र ह्यांच्यामधील दर्शनी मांडणी म्हणजे अशा उत्तरांचा समुच्चय होय. प्रस्तुत लेखात अमेरिकेतील दोन विद्यापीठांच्या परिसरात १९७३ सालच्या ऑगस्ट महिन्यात, एका दिवसाच्या अंतराने, सुरू झालेल्या दोन प्रयोगांच्या आधारे ह्या मांडणीचा विचार करावयाचा आहे. पहिला प्रयोग इलिनॉय विद्यापीठातील प्लेटो यंत्रणेवरील ‘नोट्स’ हा. दुसरा बर्कली येथील ‘कम्युनिटी मेमरी’ हा.

ह्या विषयावरील लेखनात सामान्यतः दोन प्रवृत्ती आढळतात. एक पक्ष सर्व श्रेय यंत्राच्या सामर्थ्यास देतो. दुसरा ते त्या काळच्या विद्यार्थी-चळवळींच्या वातावरणास देतो. दोन्ही पक्षांत तथ्य आहे. परंतु एकाच महिन्यात, एकाच देशात, तरुणांनी तरुणांसाठी उभ्या केलेल्या दोन यंत्रणांचे स्वरूप एकमेकींपासून इतके भिन्न का झाले, ह्याचा उलगडा ह्यांपैकी एकाही मताने होत नाही. तो उलगडा पडद्याच्या (आणि एका ठिकाणी कागदाच्या गुंडाळीच्या) मांडणीत शोधावा लागतो, असे ह्या लेखाचे प्रतिपादन आहे.

साधनांविषयी एक शब्द सांगणे इष्ट आहे. ‘नोट्स’चे कर्ते डेव्हिड वुली ह्यांनी आपली हकीकत १९९४ साली, म्हणजे घटनेनंतर दोन दशकांनी, लिहिली. ब्रायन डिअर ह्यांचा प्लेटोवरील विस्तृत ग्रंथ २०१७ सालचा असून त्याचा बराच भाग मुलाखतींवर आधारलेला आहे. बर्कलीच्या प्रयोगाविषयी स्टीव्हन लेव्ही ह्यांनी १९८४ साली लिहिले आणि त्याचे एक प्रवर्तक ली फेल्सेनस्टाइन ह्यांनी स्वतः वेळोवेळी लिहिले आहे. म्हणजे आपल्यापुढे आहे तो मुख्यतः आठवणींचा पुरावा होय, आणि आठवण यशाकडे झुकते. म्हणून येथे कर्त्यांच्या हेतूंपेक्षा त्यांच्या मांडणीवर, म्हणजे ज्या गोष्टी हेतूंनंतरही टिकल्या त्यांवर, अधिक भर दिला आहे.

२. इलिनॉय : पडद्याची पूर्वपीठिका

इलिनॉय विद्यापीठाच्या अर्बाना येथील आवारात १९६० साली डोनाल्ड बिट्झर ह्या विद्युत् अभियंत्यांनी प्लेटो प्रकल्पास आरंभ केला. संगणकाच्या साह्याने विद्यार्थ्यांस शिकविणे हा त्याचा हेतू. पहिली यंत्रणा विद्यापीठातच बांधलेल्या इलियाक संगणकावर चाले व एका वेळी एकाच विद्यार्थ्यास पुरे. १९६१ च्या दुसऱ्या यंत्रणेवर दोघे बसू शकत. तिसरीत ही संख्या वीसपर्यंत गेली. १९६७ साली प्रकल्पासाठी स्वतंत्र प्रयोगशाळा स्थापन झाली आणि त्याच वर्षी पॉल टेन्झार ह्यांनी पाठ रचण्यासाठी ‘ट्यूटर’ ही भाषा निर्माण केली. त्यायोगे संगणकशास्त्र न शिकलेला अध्यापकही आपला पाठ स्वतः लिहू लागला.

विद्यार्थ्यांच्या संख्येत वाढ होण्यास पडदा हाच मोठा अडसर होता. दूरचित्रवाणीच्या नळीवर चित्र टिकवावयाचे तर ते क्षणोक्षणी पुनः रेखाटावे लागते आणि त्यासाठी स्मृती लागते. ही स्मृती त्या काळी अतिशय महाग होती. बिट्झर, जीन स्लॉटो आणि त्यांचे विद्यार्थी रॉबर्ट विल्सन ह्यांनी १९६४ साली ह्यावर एक वेगळाच उपाय शोधला. दोन काचांमध्ये कोंडलेल्या वायूचा बिंदू एकदा उजळला की पुसेपर्यंत उजळलेला राहतो, म्हणजे पडदा हीच स्मृती, अशी प्लाझ्मा पडद्याची ती कल्पना होती. १९७२ साली प्लेटोची चौथी यंत्रणा ह्या पडद्यासह आली. उभे-आडवे ५१२ बिंदू, नारिंगी प्रकाश, चौसष्ट अक्षरांच्या बत्तीस ओळी, आणि बोट ठेवताच जागा ओळखणारे सोळा गुणिले सोळा चौकोनांचे जाळे, असे ह्या टर्मिनलचे स्वरूप होते. दशकाच्या मध्यापर्यंत एकाच मध्यवर्ती संगणकास जोडलेली अशी नऊशेहून अधिक टर्मिनले झाली.

पुढील विवेचनाच्या दृष्टीने ह्या यंत्रणेच्या दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पहिली अशी की, दाबलेली प्रत्येक कळ मध्यवर्ती संगणकाकडे जाई आणि तिचा परिणाम सुमारे एक-अष्टमांश सेकंदात पडद्यावर उमटे. वापरणारास आपण यंत्राशी पत्रव्यवहार करीत नसून बोलत आहोत असे वाटावे एवढी ही गती होती. दुसरी गोष्ट कळफलकाची. त्यावर अक्षरांखेरीज ‘नेक्स्ट’, ‘बॅक’, ‘हेल्प’, ‘लॅब’, ‘डेटा’, ‘टर्म’ अशा नावांच्या कळा होत्या. त्या पाठ घेणाऱ्या विद्यार्थ्यासाठी योजिल्या होत्या: पुढे जा, मागे ये, अडले तर साह्य माग. चर्चेसाठी त्या योजिल्या नव्हत्या. परंतु चर्चेची यंत्रणा पुढे ह्याच कळांवर उभी राहिली, आणि त्यामुळे चर्चा वाचणे हे पाठ वाचण्यासारखेच, एकामागून एक पृष्ठ उलटण्याचे काम झाले.

३. ‘नोट्स’ची रचना

पाठ लिहिणाऱ्यांना यंत्रणेतील दोष कळविण्यासाठी आरंभी एक साधी सोय होती. सर्वांना उघडी असलेली एक संचिका असे. तीत जो तो आपले म्हणणे लिही. वरवर पाहता हाच संगणकीय सूचनाफलक होता, आणि उघड्या फलकाचे सर्व दोष त्यात होते. लिहिणाराने सही केली नाही तर लेखक कोण हे कळत नसे. आणि कोणीही दुसऱ्याचा मजकूर पुसू वा बदलू शके. कागदावरील खाडाखोड निदान दिसते. येथे तीही दिसत नसे.

१९७३ च्या उन्हाळ्यात टेन्झार ह्यांनी प्रयोगशाळेत काम करणाऱ्या डेव्हिड वुली ह्या सतरा वर्षांच्या विद्यार्थ्याकडे ह्यावरील उपाय सोपविला. मागणी मर्यादित होती: प्रत्येक नोंदीवर लेखकाची ओळख आणि तारीख यंत्रानेच घालावी आणि नोंद इतरांस बदलता येऊ नये. म्हणजे अपेक्षा तक्रारवहीची होती. वुली ह्यांची पहिली योजनाही तशीच होती. पडद्याचे दोन भाग करावे, एका बाजूस तक्रार व दुसऱ्या बाजूस कर्मचाऱ्याचे उत्तर दिसावे. ही मांडणी प्रत्यक्षात आली असती तर तिचा अर्थ स्पष्ट होता. एक विचारणारा, एक उत्तर देणारा. एका प्रश्नास एकच उत्तर. आणि उत्तर देण्याचा अधिकार कार्यालयाचा. विचार करताना वुली ह्यांच्या लक्षात आले की, एकच उत्तर पुरणार नाही, आणि उत्तर आले नाही तोवर अर्धा पडदा रिकामाच राहील. तेव्हा त्यांनी विभागणी सोडून दिली. प्रत्येक टिपणास स्वतंत्र पडदा दिला, त्यामागे प्रतिसादांची साखळी जोडली आणि प्रत्येक प्रतिसादासही स्वतंत्र पडदा दिला. एका टिपणास जास्तीत जास्त त्रेसष्ट प्रतिसाद जोडता येत. त्रेसष्ट ही सहा बिटांत मावणारी सर्वांत मोठी संख्या आहे हे लक्षात घेता, ह्या मर्यादेचा उगम चर्चेच्या गरजेत नसून साठवणीच्या काटकसरीत असावा असे अनुमान करण्यास हरकत नाही.

७ ऑगस्ट १९७३ रोजी ‘नोट्स’ वापरात आले. आरंभी त्याचे तीन विभाग होते: यंत्रणेच्या घोषणा, साह्यासाठीची टिपणे आणि सार्वजनिक टिपणे. घोषणांच्या विभागात केवळ कर्मचारी लिहीत. तो काचेआडचा फलक होता. साह्याचा विभाग नवशिक्यांसाठी होता. उरलेले सर्व सार्वजनिक विभागात येई, आणि ते इतके विविध होते की दोषांची नोंद हा मूळ हेतू लवकरच मागे पडला.

अर्ध्या पडद्यातील एका उत्तराऐवजी प्रतिसादांची साखळी, हा बदल बाह्यतः जागेच्या वापराविषयीचा आहे. परंतु त्यामुळे उत्तर देण्याचा अधिकार कार्यालयाकडून निघून सर्व वाचकांकडे गेला. तक्रार करणाऱ्यास दुसरा तक्रारदार उत्तर देऊ लागला. त्या उत्तरावर तिसऱ्याने आक्षेप घेतला. आणि तक्रारवहीची सभा झाली. असा अधिकार द्यावा असा ठराव कोणत्याही समितीने केला नव्हता. तो पडद्याची आखणी बदलताना एका विद्यार्थ्याच्या हातून घडलेला बदल होता, आणि म्हणूनच संस्थेच्या कागदपत्रांत त्याचा शोध घेणे व्यर्थ होय.

४. एककालिक संवाद

त्याच वर्षाच्या शरद ऋतूत डग ब्राउन ह्यांनी ‘टॉकोमॅटिक’ लिहिले. त्यात पडद्याचे आडवे पट्टे पाडून प्रत्येक सहभागी व्यक्तीस एकेक पट्टा दिलेला असे. जो जे लिही ते अक्षरागणिक सर्वांच्या पडद्यांवर उमटे. खोडलेले अक्षरही खोडले जाताना दिसे. अशा सहा वाहिन्या होत्या, प्रत्येकीत पाच जण बोलू शकत आणि कितीही जण केवळ पाहू शकत. हे पाहणारे नको असतील तर त्यांना वगळण्याची सोयही होती. त्यानंतर थोड्याच काळात आलेल्या ‘टर्म-टॉक’मुळे कोणत्याही पाठात असताना ‘टर्म’ कळ दाबून दुसऱ्या वापरणारास हाक मारता येऊ लागली. त्याच्या पडद्याच्या तळाशी सूचना लुकलुके, आणि तळाच्या दोन ओळींत दोघांचे बोलणे चाले.

ह्या दोन योजनांची तुलना उद्बोधक आहे. एकीत पाच जणांना पाच समान पट्टे मिळतात. कोणाचा आवाज मोठा नाही, कोणी मध्येच तोडू शकत नाही, परंतु पाचहून अधिक झाले की सभा भरली. दुसरीत बोलणे हे कामाच्या तळाशी राहते. पाठ वर चालूच आहे. पहिली मांडणी बैठकीची आहे, दुसरी बाकावर शेजारी बसलेल्याच्या कानात बोलण्याची. दोन्ही ठिकाणी बोलणे संपले की ते पुसले जाई. ‘नोट्स’मध्ये मात्र ते राही, आणि जो त्या दिवशी हजर नव्हता त्यासही वाचता येई. एकाच आवारात, एकाच यंत्रावर, काही महिन्यांच्या आत टिकणारे लेखन आणि विरणारे बोलणे ह्यांचा हा भेद स्पष्टपणे निर्माण झाला, ही प्लेटोच्या इतिहासातील उपेक्षिली गेलेली गोष्ट आहे.

५. बर्कली : खिडकी असलेली पेटी

बर्कलीची पूर्वपीठिका निराळी होती. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या दक्षिण प्रवेशद्वारी, बॅन्क्रॉफ्ट मार्ग आणि टेलिग्राफ मार्ग जेथे मिळतात तेथील पदपथावर, विद्यार्थी मेज मांडून पत्रके वाटीत व वर्गणी गोळा करीत. १९६४ च्या सप्टेंबरात विद्यापीठाने ह्या प्रथेस मनाई केली आणि त्यातून ‘फ्री स्पीच मूव्हमेंट’ ही चळवळ उभी राहिली. पत्रक वाटण्याची जागा कोणाच्या ताब्यात असावी, हा त्या प्रचंड संघर्षाचा आरंभबिंदू होता. ह्या चळवळीत भाग घेतलेल्या विद्यार्थ्यांत अभियांत्रिकीचे विद्यार्थी ली फेल्सेनस्टाइन हे होते.

फेल्सेनस्टाइन, एफ्रेम लिप्किन आणि मार्क श्पाकोव्स्की प्रभृतींनी ८ ऑगस्ट १९७३ रोजी, म्हणजे ‘नोट्स’नंतर दुसऱ्याच दिवशी, विद्यापीठालगतच्या लिओपोल्ड्स ह्या विद्यार्थ्यांनी चालविलेल्या ध्वनिमुद्रिकांच्या दुकानात एक टर्मिनल ठेवले. जागा सहेतुक निवडली होती. तेथे वादकांनी भरून टाकलेला एक कागदी सूचनाफलक आधीच होता. टर्मिनल म्हणजे टेलीटाइप कंपनीचे ३३ क्रमांकाचे यंत्र. ते पडद्यावर न दाखविता कागदाच्या गुंडाळीवर छापी. सॅन फ्रान्सिस्कोतील एका जुन्या मोठ्या संगणकाशी ते दूरध्वनीने जोडलेले होते. त्याचा आवाज फार होई म्हणून ते पुठ्ठ्याच्या पेटीत बसविले होते. वाचण्यासाठी पारदर्शक खिडकी आणि हात घालण्यासाठी दोन भोके. शेजारी एक मदतनीस बसे व येणाऱ्यास वापर समजावून देई.

हे यंत्र सेकंदाला दहा अक्षरे छापी. प्लेटोच्या एका पूर्ण पडद्यात २,०४८ अक्षरे मावत. तेवढा मजकूर येथे छापण्यास सुमारे साडेतीन मिनिटे लागली असती. प्लेटोची तार सेकंदाला सुमारे १८० अक्षरे वाही, म्हणजे तेथे तेवढाच मजकूर बारा सेकंदांच्या आत उमटे. ह्या एका गणितातून बर्कलीची मांडणी निघाली. अशा संथ यंत्रावर शीर्षकांची लांब यादी दाखविणे अशक्य होते. तेव्हा यादी नाही, विभाग नाहीत, साखळी नाही. केवळ दोन मुख्य आज्ञा: नोंद घालावयाची असल्यास ‘ॲड’, शोधावयाची असल्यास ‘फाइंड’. नोंद घालणाराने तिला स्वतःच शोधशब्द जोडावयाचे आणि शोधणाराने ते सांगावयाचे. नाव देण्याची सक्ती नव्हती.

प्रवर्तकांची अपेक्षा होती की लोक घरे, वाहने व नोकऱ्यांच्या जाहिराती देतील. तशा त्या आल्याही, आणि वादकांनी तर एकमेकांस शोधण्यासाठी यंत्राचा फार उपयोग केला. परंतु त्याबरोबर कविता आल्या, अक्षरांनी रेखाटलेली चित्रे आली, आणि ‘बेनवे’ हे टोपणनाव घेऊन विक्षिप्त मजकूर लिहिणारा एक अज्ञात लेखकही अवतरला. चांगले बेगल (एक प्रकारचा कड्याच्या आकाराचा पाव) कोठे मिळतात ह्या प्रश्नास दुकानांची नावे तर मिळालीच, परंतु एका जुन्या भटारखानेवाल्याने ते करावयास शिकविण्याची तयारी दाखविली. ह्या शेवटच्या उदाहरणाचा उल्लेख नेहमी कौतुकाने होतो. येथे त्याचे महत्त्व वेगळ्या कारणासाठी आहे. असे उत्तर विभागांच्या यादीत बसले नसते. शोधशब्द लावण्याचे स्वातंत्र्य लिहिणाराकडे होते म्हणूनच प्रश्नकर्त्यास न सुचलेले उत्तर त्याच शब्दाखाली येऊन बसले.

६. क्रम, ओळख आणि काळ

आता दोन्ही मांडण्या एकमेकींशेजारी ठेवून पाहाव्या.

पहिला प्रश्न क्रमाचा. ‘नोट्स’मध्ये टिपणांस क्रमांक होते व सर्वांस एकच यादी दिसे. ‘सत्तेचाळिसावे टिपण’ म्हटले की सर्वांच्या मनात एकच गोष्ट येई. सर्वांनी तेच वाचलेले असणे ही चर्चेची पहिली अट होय, आणि ती यादीने पुरविली. बर्कलीत प्रत्येकास आपल्या शोधशब्दापुरतेच दिसे. त्यामुळे तेथे देवघेव विपुल झाली, परंतु दीर्घकाळ चालणारा वाद उभा राहणे अवघड होते. फलक आणि सभा ह्यांतील हा फरक आहे. कार्यक्रमाची सूचना, खोलीची जाहिरात, वादकाचा शोध ह्यांना फलक पुरतो, किंबहुना शोधशब्दांचा फलक यादीहून अधिक चांगला. मतभेदास मात्र सभा लागते.

दुसरा प्रश्न ओळखीचा. प्लेटोवर प्रत्येकाची ओळख व्यक्तिनाम आणि गटनाम अशी जोडून असे, आणि ती संस्थेने दिलेली असे. लेखनाची जबाबदारी त्यायोगे निश्चित झाली, परंतु संस्थेबाहेरच्या व्यक्तीस दारच उरले नाही. शिवाय पाठ लिहिणारा, शिकविणारा आणि शिकणारा असे वापरणारांचे वर्ग होते व त्यांचे अधिकार भिन्न होते. तेव्हा ‘सार्वजनिक’ हा शब्द तेथे एका मर्यादित समाजापुरताच खरा होता, हे विसरता कामा नये. बर्कलीत रस्त्यावरून आलेला कोणीही दोन्ही हात पेटीत घालून लिहू शके. तेथे दार सताड उघडे होते, पण बोलणाऱ्यास चेहरा नव्हता. ‘बेनवे’ ही त्या मोकळेपणाची निर्मिती आणि चेहरा नसलेल्या लेखकाला कोणीही जाब विचारू शकत नसे ही त्याची किंमत.

वुली ह्यांनी जानेवारी १९७६ मध्ये आणलेल्या ‘ग्रुप नोट्स’मध्ये ह्या प्रश्नाची पुनर्मांडणी झालेली दिसते. आता विषयागणिक स्वतंत्र संचिका निघू लागल्या. प्रत्येकीस एक संचालक नेमलेला असे. कोणी वाचावे व कोणी लिहावे हे तो ठरवी, नको ते टिपण काढून टाकी, आणि निनावी लेखनास मुभा द्यावी की नाही हेही त्याच्याच हाती असे. म्हणजे ओळखीचा प्रश्न यंत्रणेने एकदाच सोडविण्याऐवजी प्रत्येक समूहावर सोपविला. माझ्या मते हा ह्या इतिहासातील सर्वांत दूरगामी निर्णय होय. त्याने किल्ल्या अनेक केल्या. परंतु किल्ली असलेल्या माणसास जाब विचारण्याची सोय मात्र त्यात ठेवली नव्हती, आणि ती उणीव पुढील अनेक यंत्रणांत जशीच्या तशी उतरली.

तिसरा प्रश्न काळाचा. सूचना आणि चर्चा ह्यांचे आयुष्य भिन्न असते. शुक्रवारच्या व्याख्यानाची सूचना शनिवारी निरर्थक होते. त्या व्याख्यानावरील वाद शनिवारी सुरू होतो. दोन्ही एकाच यादीत कालक्रमाने लावल्यास मृत सूचनांखाली जिवंत वाद गाडले जातात. ‘नोट्स’ने कर्मचाऱ्यांच्या घोषणा वेगळ्या काढून ह्या प्रश्नाचे अर्धे उत्तर दिले, परंतु ते वेगळेपण काळावर नव्हे तर पदावर आधारलेले होते. विद्यार्थ्याने लावलेली सभेची सूचना सार्वजनिक विभागातच राही.

७. पुढील प्रवाह

बर्कलीच्या प्रयोगाचा पहिला टप्पा १९७५ च्या जानेवारीत संपला. १९८४ साली तो नव्या रूपात परतला तेव्हा वाचणे विनामूल्य, मत नोंदविण्यास पंचवीस सेंट आणि नवा विषय काढण्यास एक डॉलर असा दर होता. बोलण्यावर नाणे बसविणे हाही मांडणीचाच एक निर्णय होय. ही यंत्रणा १९९२ पर्यंत टिकली. इलिनॉयच्या यंत्रणेचा वापर विस्तृत झाला. १९७८ ते १९८५ ह्या काळातील तेथील एकूण वापराच्या तासांपैकी सुमारे एक तृतीयांश तास ‘नोट्स’मध्ये गेले, असे वुली नमूद करतात. शिकविण्याच्या यंत्राचा एवढा वेळ एकमेकांशी बोलण्यात जावा, ह्याचे प्रयोगशाळेच्या मूळ हेतूशी नाते काय, ह्याचा विचार शिक्षणशास्त्राच्या अभ्यासकांनी अवश्य करावा.

‘नोट्स’ची परंपरा दोन मार्गांनी पुढे गेली. प्लेटोवर विद्यार्थिदशेत काम केलेल्या रे ओझी ह्यांनी १९८९ साली ‘लोटस नोट्स’ बाजारात आणले. त्याच्या नावातच त्याचे मूळ आहे. दुसरीकडे रे एसिक आणि रॉब कोलस्टॅड ह्यांनी इलिनॉय येथेच युनिक्स यंत्रणेसाठी टिपण-प्रतिसाद ह्याच पद्धतीची आज्ञावली लिहिली. मध्यंतरी ड्यूक विद्यापीठातील टॉम ट्रस्कॉट व जिम एलिस आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातील स्टीव्ह बेलोव्हिन ह्यांनी १९७९–८० मध्ये ‘यूजनेट’ उभे केले होते. त्यात मध्यवर्ती संगणक नव्हता. लेख एका यंत्राकडून दुसऱ्याकडे पोहोचत आणि उत्तर कधी कधी प्रश्नाच्या आधी पोहोचे. सर्वांस एकच क्रमांकित यादी दिसण्याची अट येथे मोडली, आणि उत्तरांचा संबंध मूळ लेखाशी जोडून दाखविण्याचे काम वाचकाच्या यंत्रावर पडले.

ह्या प्रवाहाचा मराठी भाषेशीही एक संबंध येतो. यूजनेटवर पुढे भारतीयांसाठी आणि त्यात मराठी भाषकांसाठीही स्वतंत्र चर्चागट निघाले. परदेशी विद्यापीठांतील मराठी विद्यार्थी तेथे मराठी लिहीत, ती बहुधा रोमन अक्षरांत; कारण ते जाळे मुळात रोमन अक्षरांसाठी आखलेले होते. गंमत अशी की, १९७२ च्या प्लेटो टर्मिनलवर सव्वाशेच्या वर अक्षराकृती हव्या तशा रेखाटून भरता येत होत्या. म्हणजे आधीच्या मांडणीत जी वाट होती ती नंतरच्या, कितीतरी विस्तीर्ण जाळ्यात बंद झाली. तंत्राची प्रगती सर्व बाजूंनी एकदम होते ह्या समजुतीस हे एक उत्तर आहे.

हार्वर्ड विद्यापीठात ४ फेब्रुवारी २००४ रोजी सुरू झालेल्या फेसबुकाचा येथे एवढाच उल्लेख पुरे. त्याने प्रारंभी विद्यापीठाच्या विद्युत्-पत्त्याची अट घातली, म्हणजे प्लेटोची संस्थादत्त ओळख स्वीकारली. सप्टेंबर २००६ मध्ये त्याने प्रत्येकाच्या पडद्यावर मित्रांच्या हालचालींची आपोआप रचलेली यादी आणली, तेव्हा लक्षावधी विद्यार्थ्यांनी त्याच पडद्यावर निषेध नोंदविला. त्यांच्याविषयीची कोणतीही नवी माहिती उघड झालेली नव्हती. जी शोधावी लागत होती ती समोर मांडली गेली होती. क्रम ठरविण्याचा अधिकार वाचकाकडून यंत्रचालकाकडे गेल्याची ती प्रतिक्रिया होती, आणि ती अगदी यथार्थ होती.

८. समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. इलिनॉय आणि बर्कली येथील यंत्रणांतील फरक केवळ तेथील माणसांच्या विचारसरणीतून निघाला नाही. अर्धा पडदा, सेकंदाला दहा अक्षरे, पाठासाठी योजिलेली कळ, सहा बिटांची मर्यादा अशा क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टींनी तो घडविला. परंतु ह्याचा अर्थ यंत्राने सर्व ठरविले असाही नाही. अर्धा पडदा रिकामा ठेवून तक्रारवही चालविणे वुली ह्यांना शक्य होते. पेटीशेजारी मदतनीस न बसविता केवळ जाणत्यांसाठी यंत्र ठेवणे बर्कलीच्या मंडळींना शक्य होते. अडचणीने प्रश्न विचारला, उत्तर माणसांनी दिले.

आपल्या विद्यापीठांतून आज सूचना आणि चर्चा ह्यांसाठी यंत्रणा उभ्या केल्या जातात तेव्हा पडद्याची आखणी हे कारागिरांचे काम समजून ती बहुधा बाहेर सोपविली जाते, आणि विद्वत्सभेत चर्चा होते ती केवळ खर्चाची. ज्या आखणीने कोणास बोलता येईल, कोणाचे बोलणे आधी दिसेल आणि कोणाचे पुसले जाईल हे ठरते, तिला ठरावाइतकेच महत्त्व दिले पाहिजे. निदान कुलुपाची किल्ली कोणाकडे राहणार, आणि ती ज्याच्याकडे राहील त्याला जाब कोण विचारणार, एवढे दोन प्रश्न तरी आखणी मान्य करण्यापूर्वी विचारले जावेत. १९७३ मध्ये ते विचारले गेले नव्हते. त्याची उत्तरे मात्र तेव्हापासून आपण वापरीत आलो आहोत.